कुष्ठरोगमुक्तांचे डोळे : आपली पुढील जबाबदारी

(विश्वस्त मंडळ, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



प्रशासकाने वार्षिक सभेत उभे राहावे ते जमाखर्च सांगण्यासाठी, असा आपल्याकडील प्रघात आहे. जमाखर्चाची पत्रके आपल्या हाती आलेलीच आहेत आणि लेखापरीक्षकांचा अहवालही त्यांना जोडलेला आहे. म्हणून मला मिळालेला वेळ मी त्यातील एकाच नोंदीसाठी घेणार आहे. नेत्रविभागाच्या खर्चात 'पाठपुरावा' या शीर्षाखाली एक रक्कम दाखविलेली आहे. तिच्याविषयी काही देणगीदारांनी विचारणा केली आहे. शस्त्रक्रियेचा खर्च समजतो, औषधांचा समजतो. परंतु जो रुग्ण कुष्ठरोगातून बरा झाला, ज्याचा औषधक्रम पूर्ण झाला, ज्याला रोगमुक्त म्हणून कागदोपत्री मोकळे केले, त्याला वर्षानुवर्षे परत बोलावून त्याचे डोळे तपासण्यावर संस्थेने पैसा का खर्च करावा, असा हा प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे हे माझे कर्तव्य आहे.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. वैद्यकशास्त्राचे शिक्षण मला मिळालेले नाही. परंतु डॉक्टरांच्या सहवासात इतकी वर्षे घालविल्यानंतर जे ऐकले, वाचले आणि बाह्यरुग्ण विभागाच्या दारात उभे राहून जे पाहिले, ते माझ्या साध्या भाषेत आपल्यापुढे ठेवतो.

चंद्रपूर आणि गडचिरोली हा पूर्वी एकच जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला. पण जंगल, नद्या, धानाची शेती, आणि दुर्दैवाने कुष्ठरोग, यांची वाटणी झाली नाही. महाराष्ट्रात हा रोग अधिक प्रमाणात आढळणाऱ्या जिल्ह्यांत या दोघांचे नाव सातत्याने येत राहिले आहे. त्याचबरोबर या रोगाशी झुंज देण्याची विदर्भाची परंपराही मोठी आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे १९३६ साली मनोहर दिवाण यांनी कुष्ठधाम सुरू केले. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन उभारले. १९४९ साली बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि आपल्याच जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ, आनंदवन आकाराला आले. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाचे कार्यही वर्ध्यातूनच देशभर पोहोचले. पुढे १९७३ साली भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि ज्या भागात डॉक्टर हा शब्दही अपरिचित होता तेथे दवाखाना उभा राहिला. रोग हटला म्हणजे काम संपले असे या थोरांपैकी कोणीही मानले नाही. रोगानंतरचे जगणे हाच त्यांच्या कार्याचा खरा विषय होता. मी आज जे सांगणार आहे ते याच विचाराचा एक लहानसा भाग आहे.

कुष्ठरोग म्हटला की आपल्यापुढे हातापायांची बोटे येतात. डोळ्यांचा विचार सहसा मनात येत नाही. परंतु ज्याच्या तळहाताला आणि तळपायाला स्पर्श कळत नाही, त्याला जगाचा अंदाज घेण्यासाठी डोळ्यांवाचून दुसरे साधन कोणते? आपण अंधारात चूल गरम आहे की नाही हे हाताने चाचपून पाहतो. बधिर हाताच्या माणसाला ते डोळ्यांनीच पाहावे लागते. पायात काटा रुतला हे त्याला वेदनेने कळत नाही, रात्री पाय उजेडात धरून पाहिल्यावरच कळते. अशा माणसाची दृष्टी गेली तर त्याचे हातपायही गेल्यासारखेच होतात. आंधळ्या माणसाला बोटांनी वाचता येते, काठीने वाट शोधता येते. बधिर हाताच्या आंधळ्या माणसाला तीही सोय उरत नाही. या रोगात डोळ्यांचे मोल इतके अधिक आहे.

आता डोळ्यांवर हा रोग कसा येतो ते पाहू. कुष्ठरोगाचा जंतू १८७३ साली नॉर्वेमध्ये डॉ. हॅन्सेन यांनी शोधून काढला. या जंतूला शरीरातील थंड भाग मानवतात. म्हणून तो त्वचेत, त्वचेलगतच्या नसांत, नाकात, कानाच्या पाळीत वस्ती करतो. डोळ्याचा पुढील भाग सदैव हवेला उघडा असल्याने तोही शरीराच्या मानाने थंडच असतो. डोळ्याकडे या रोगाच्या दोन वाटा आहेत : एक नसांची आणि दुसरी प्रत्यक्ष जंतूंची.

चेहऱ्याच्या नसेची एक शाखा गालाच्या हाडावरून जाऊन पापण्या मिटविणाऱ्या स्नायूला चालना देते. तिला सूज येऊन ती निकामी झाली की पापणी मिटत नाही. माणूस झोपला तरी डोळा उघडाच राहतो. दुसरी नस डोळ्याच्या संवेदनेची. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, ज्याला पारपटल म्हणतात, हा शरीरातील अत्यंत संवेदनशील भाग होय. त्यावर धुळीचा बारीकसा कण गेला तरी आपण कळवळतो, डोळा मिटतो आणि पाणी वाहू लागते. ही नस बधिर झाली की कण जातो, घासतो, जखम करतो, आणि माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. पापणी मिटत नाही आणि कण गेलेला कळत नाही, ही दोन्ही संकटे एकाच डोळ्यावर आली की तो डोळा राखणदार नसलेल्या शेतासारखा होतो. चुलीचा धूर, उन्हाळ्यातील धूळ, धानाचे कुसळ, बांबूची कूस यांपैकी काहीही पुरेसे असते. जखम चिघळते, पारपटलावर पांढरे फूल पडते आणि दृष्टी जाते.

दुसरी वाट जंतूंची. ज्यांच्या शरीरात जंतूंची संख्या मोठी असते त्यांच्या बाबतीत जंतू बुबुळाच्या रंगीत पडद्यात, म्हणजे परितारिकेत, शिरतात. तेथे मंद दाह सुरू होतो. डोळा फारसा लाल होत नाही, फारसा दुखतही नाही. मात्र वर्षे जातात तशी बाहुली आक्रसत जाते, परितारिका झिजते आणि उजेड आत शिरण्याची वाट अरुंद होते. याउलट, काही रुग्णांना उपचार चालू असताना किंवा नंतरही 'रिअ‍ॅक्शन' येते. त्या वेळी डोळा एकाएकी लाल होतो, ठणकतो, उजेड सहन होत नाही. अशा वेळी उपचार त्याच दिवशी सुरू व्हावा लागतो. या दाहामुळे पुढे मोतीबिंदू होऊ शकतो आणि डोळ्यातील दाबही बिघडू शकतो.

येथे आपण म्हणाल की, रोगाचे औषध वेळेवर घेतले तर हे सारे टळत नाही का? पुष्कळ अंशी टळते. म्हणूनच लवकर निदानाचे महत्त्व आपण दरवर्षी सांगत आलो आहोत. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि कुष्ठरोगाच्या इतिहासाला कलाटणी मिळाली. कमी जंतू असलेल्या रुग्णाला सहा महिने आणि जास्त जंतू असलेल्या रुग्णाला बारा महिने औषध दिले की रोग बरा होतो. हे औषध सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळते. डिसेंबर २००५ मध्ये भारतात रुग्णांचे प्रमाण दर दहा हजारी एकापेक्षा खाली आले आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे राष्ट्रीय पातळीवर दूरीकरण झाल्याचे जाहीर झाले. हे यश लहान नव्हे. परंतु राष्ट्राची सरासरी ही राष्ट्राची असते. जिल्ह्याची नसते, तालुक्याची तर नसतेच. आणि औषध जंतूला मारते. मेलेली नस जिवंत करीत नाही. ज्याची पापणी उपचारापूर्वीच निकामी झाली, त्याची पापणी रोगमुक्तीच्या दाखल्याने मिटू लागत नाही. शिवाय मेलेल्या जंतूंचे अवशेष शरीरात दीर्घकाळ राहतात आणि त्यांच्याविरुद्ध शरीराची झुंज चालूच राहते. तिचा मार डोळ्यांना बसतो.

हा केवळ तर्क नाही. तमिळनाडूतील करिगिरी येथे जास्त जंतूंच्या रुग्णांचा औषधक्रम पूर्ण झाल्यानंतर पुढे पाच वर्षे त्यांचे डोळे नियमितपणे तपासण्यात आले. त्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. औषधक्रम संपल्यानंतरही दरवर्षी सुमारे ५.६ टक्के रुग्णांच्या डोळ्यांत रोगाशी निगडित नवे विकार उद्भवले, आणि दरवर्षी सुमारे ३.९ टक्के रुग्णांच्या बाबतीत ते दृष्टीला धोका पोहोचविणारे होते. म्हणजे आज आपण शंभर रुग्णांना 'बरे झाले' म्हणून निरोप दिला, तर येत्या वर्षभरात त्यांतील पाच-सहा जणांच्या डोळ्यांत नवे दुखणे सुरू होईल आणि त्याच्या पुढच्या वर्षीही हेच घडत राहील. त्यांतील कितीजण आपण होऊन दवाखान्यात येतील? ज्याचा डोळा दुखतो तो येतो. ज्याचा डोळा दुखतच नाही, त्याने का यावे?

मला हिशेबाची भाषा अधिक अवगत आहे, म्हणून त्या भाषेत सांगतो. यंत्र चालो वा बंद राहो, त्याचा घसारा दरवर्षी लिहावाच लागतो. कोणी पावती आणून देत नाही, कोणी बिल पाठवीत नाही, तरी मूल्य घटतच असते. जो लेखापाल बिलाची वाट पाहत बसेल, त्याचा ताळेबंद खोटा ठरेल. कुष्ठरोगमुक्त माणसाच्या डोळ्याचेही असेच आहे. त्याच्या तक्रारीची वाट पाहता येत नाही. तक्रार येईपर्यंत बुबुळावर फूल पडलेले असते. तपासणी आपणच करावयाची असते, आणि ठरलेल्या वेळी करावयाची असते.

तक्रार नसतानाही डोळे पाहावेत, हा नियम केवळ कुष्ठरोगापुरता नाही. आमच्या नेत्रतज्ज्ञांनी मला सार्कॉइडोसिस नावाच्या आणखी एका आजाराची माहिती दिली. त्याचा कुष्ठरोगाशी दूरचा संबंध आहे, म्हणून ती येथे सांगणे अस्थानी होणार नाही. या आजारात शरीराच्या संरक्षक पेशी एकत्र जमून सूक्ष्म गाठी तयार करतात. कुष्ठरोगात आणि क्षयातही तशाच गाठी होतात. फरक इतकाच की कुष्ठरोगात आणि क्षयात गाठीमागे जंतू असतो, सार्कॉइडोसिसमध्ये कोणताही जंतू सापडत नाही. या गाठी बहुधा फुप्फुसांत आणि लसिकाग्रंथींत होतात, पण त्वचेत आणि डोळ्यांतही होतात. या आजाराला त्याचे नाव ज्यांच्या वर्णनावरून मिळाले ते डॉ. सीझर बोएक हे नॉर्वेचेच. त्यांनी १८९९ साली ते वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्यांचे काका कार्ल विल्हेल्म बोएक हे त्यापूर्वी अर्ध्या शतकापासून कुष्ठरोगाचे अभ्यासक म्हणून ओळखले जात होते. एकाच घराण्यातील दोन वैद्यांनी या दोन आजारांचा अभ्यास करावा, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

सार्कॉइडोसिसचे स्वरूप देशोदेशी वेगळे दिसते. जपानमध्ये डोळ्याच्या अंतर्गत दाहाच्या प्रमुख कारणांत त्याची गणना होते. शेजारच्या कोरियात हा आजार विरळ समजला जातो, तरीही त्याचे निदान झालेल्या रुग्णांचे डोळे तेथील डॉक्टर आवर्जून तपासतात. अमेरिकेतील वक्षरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनातही, ज्याला डोळ्यांची काहीही तक्रार नाही अशा सार्कॉइडोसिसच्या रुग्णाचे डोळे एकदा तपासून घ्यावेत असे सुचविले आहे. आपल्या देशात अडचण अशी की क्षयरोग सर्वत्र असल्याने हा आजार पुष्कळदा क्षय समजला जातो. त्यावर मुख्य औषध स्टिरॉइडचे. परंतु क्षय ओळखला गेला नाही आणि नुसतेच स्टिरॉइड दिले तर क्षय बळावतो. म्हणून लाल डोळ्याचा रुग्ण आला की आमचे डॉक्टर डोळ्याबरोबर त्याची त्वचा पाहतात, कोपराजवळच्या नसा चाचपतात, छातीचे क्ष-किरण चित्र काढावयास सांगतात. नातेवाईक विचारतात, "डोळा दाखवायला आणला, तर छातीचा फोटो कशाला?" त्याचे कारण हे आहे. डोळ्यातील दुखण्याचे मूळ अनेकदा अन्यत्र असते. याच कारणासाठी औषधाच्या दुकानातून स्टिरॉइडचे थेंब परस्पर आणून डोळ्यात घालू नयेत. दाहात गुणकारी ठरणारा तोच थेंब जखम झालेल्या बुबुळाचा घात करू शकतो.

आता 'पाठपुरावा' म्हणजे प्रत्यक्षात काय, ते सांगतो. त्यात भारी यंत्रसामग्री फारशी नाही. रुग्णाला सहा मीटर अंतरावर बसवून बोटे मोजावयास सांगतात. ज्याला ती मोजता येत नाहीत त्याची विकृती जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात दुसऱ्या, म्हणजे गंभीर, श्रेणीत धरली जाते. मग झोपताना मिटतो तसे हळुवार डोळे मिटावयास सांगतात आणि पापण्यांत फट राहते का ते पाहतात. नंतर घट्ट मिटावयास सांगतात. पापण्यांचे केस आत वळून बुबुळाला घासतात का, बाहुली गोल आहे का, उजेडाला आक्रसते का, हे विजेरीने पाहतात. प्रशिक्षित कार्यकर्त्याला यासाठी काही मिनिटे पुरतात. शंका आली तरच रुग्णाला रुग्णालयात आणून सूक्ष्मदर्शी दिव्याखाली नेत्रतज्ज्ञांना दाखवितात.

या काही मिनिटांतून जे हाती लागते त्याचे मोल मोठे आहे. पापणी नुकतीच सैल पडली असेल, सहा महिन्यांहून कमी काळ लोटला असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी ती नस पुष्कळदा पूर्ववत काम करू लागते. तोच रुग्ण दोन वर्षांनी आला तर गोळ्यांचा काही उपयोग नसतो. शस्त्रक्रियाच करावी लागते. एका शस्त्रक्रियेत पापण्यांची बाहेरची कड शिवून फट लहान करतात. दुसऱ्या शस्त्रक्रियेत कानशिलावरील चावण्याच्या स्नायूची पट्टी पापण्यांपर्यंत आणून बसवितात. मग रुग्णाने दात दाबले की डोळा मिटतो. त्याला चावता चावता डोळा मिटण्याचा सराव करावा लागतो आणि सरावाने ते साधते. वेल्लोर व करिगिरी येथे डॉ. मार्गारेट ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या डोळ्यांसाठी अनेक वर्षे वेचली आणि या रोगातील डोळ्यांची काळजी कशी घ्यावी हे जगभरच्या डॉक्टरांना शिकविले. मोतीबिंदूविषयीही एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. कुष्ठरोग झालेल्या माणसाच्या डोळ्यात भिंग बसविता येत नाही, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. औषधक्रम पूर्ण झालेला असेल आणि डोळ्यातील दाह शांत असेल, तर त्याची शस्त्रक्रिया इतर कोणाही रुग्णाप्रमाणे करता येते. या रोगातून बरे झालेल्या वृद्धांच्या अंधत्वाचे एक मोठे कारण मोतीबिंदूच आहे, आणि ते दूर होण्यासारखे आहे.

मग अडते कोठे? पहिली अडचण अंतराची. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. दुसरी अडचण हंगामाची. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचावयाची असतात, मे महिन्यात तेंदूपत्ता असतो, पावसाळ्यात रोवणी आणि पुढे धानाची कापणी व मळणी. ज्या दिवसांत मजुरी मिळते त्या दिवसांत न दुखणाऱ्या डोळ्यासाठी कोण येईल? म्हणून आमच्या कार्यकर्त्यांनी फेऱ्यांचे वेळापत्रक शेतीच्या हंगामाप्रमाणे आखले आहे. धान घरात आल्यानंतर आणि मोहफुले गळू लागण्यापूर्वी मुख्य तपासणी होते. ३० जानेवारीचा कुष्ठरोग निवारण दिनही याच काळात येतो. कापणीपूर्वी एक लहान फेरी होते. तीत संरक्षक चष्मे दिले जातात, कारण कुसळाने होणाऱ्या जखमा कापणी-मळणीच्याच दिवसांत अधिक होतात.

तिसरी अडचण लाजेची आणि भीतीची आहे आणि ती सर्वांत जुनी आहे. १८९८ चा कुष्ठरुग्णांविषयीचा ब्रिटिशकालीन कायदा आपल्या संसदेने २०१६ साली रद्द केला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद २०१९ साली व्यक्तिगत कायद्यांतून वगळण्यात आली. कायद्याच्या पुस्तकातून जायला ज्याला इतकी वर्षे लागली, ते माणसांच्या मनातून एका पिढीत जाईल अशी अपेक्षा करता येत नाही. बरी झालेली एखादी सून सासरी काही न सांगता संसार करीत असते. तिच्या दारात कुष्ठरोगाचा फलक लावलेली गाडी उभी करणे म्हणजे तिचा संसार उधळणे होय. म्हणून आमची गाडी सर्वांच्या नेत्रतपासणीची गाडी म्हणून जाते, गावातील सर्वांचे डोळे तपासते, आणि त्यातच तिचेही. यामुळे खर्च वाढतो हे मी मान्य करतो. परंतु हा वाढीव खर्च मला अनाठायी वाटत नाही, कारण त्यात गावातील इतर वृद्धांचे मोतीबिंदूही सापडतात.

येथे बसलेल्या नातेवाइकांना माझी हात जोडून विनंती आहे. रुग्णालय वर्षातून एक-दोन वेळा येईल. आपण रोज घरात आहात. सकाळी आरशात डोळा पाहण्याची त्यांना सवय लावा. ज्यांना आरशात नीट दिसत नाही त्यांचा डोळा आपण पाहा. लाली, चिकटा, पांढरा ठिपका दिसला तर दुखत नसले तरीही घेऊन या. दिवसातून अनेकदा जाणीवपूर्वक पापण्या मिटण्याची आठवण करून द्या. घरात शिरताना, घागर उचलताना, हाक ऐकू येताच, अशी एखादी खूण ठरवून घेतली तर ते सोपे जाते. रात्री झोपताना डॉक्टरांनी दिलेले मलम घालून स्वच्छ मऊ फडके डोळ्यावर घ्यावे, दिवसा चष्मा व डोक्यावर रुंद काठाची टोपी किंवा पदर असावा. डोळा बधिर हाताने चोळू नये. त्या हाताची खरखर बुबुळाला जखम करते आणि हाताला व डोळ्याला दोहोंनाही ते कळत नाही. ही काळजी फुकटात होते आणि तिच्यामुळे जितके डोळे वाचतात तितके आमच्या शस्त्रक्रियागृहात वाचत नाहीत, असे आमचे डॉक्टरच सांगतात.

आता देणगीदारांना एक मोकळी गोष्ट सांगतो. शस्त्रक्रियेला देणगी देणे मनाला समाधान देते. पट्टी सुटते, आजोबा नातवाचे तोंड पाहतात, त्याचे छायाचित्र अहवालात येते. पाठपुराव्याचे छायाचित्र काय घ्यावे? वर्षभर फिरून कार्यकर्ता परत येतो आणि नोंदवहीत लिहितो की अमुक इतक्या जणांचे डोळे जसे होते तसेच आहेत. झालेल्या शस्त्रक्रियांचा फलक लावता येतो. न आलेल्या अंधत्वाचा फलक लावता येत नाही. तरीही आपल्या पैशाचा अधिक मोठा परतावा मला याच खात्यात दिसतो. आपण दिलेल्या रुपयाने आंधळ्याला दृष्टी मिळाली तर ते पुण्यच. पण डोळस माणूस आंधळा झालाच नाही, त्याचा रोजगार बुडाला नाही, त्याच्या मुलीची शाळा सुटली नाही, तर तेही त्याच रुपयाचे काम आहे.

याच हेतूने विश्वस्त मंडळाने आजच्या सभेपुढे एक ठराव ठेवला आहे. आतापर्यंत कुष्ठरोगाचा औषधक्रम संपला की रुग्णाचा केसपेपर अभिलेखात जमा होत असे आणि पाठपुरावा हा दरवर्षीच्या शिलकेवर अवलंबून असे. ज्या वर्षी शिल्लक अधिक, त्या वर्षी फेऱ्या अधिक. शिल्लक नाही, तर फेरी नाही. ठराव असा की, कुष्ठरोगमुक्त रुग्णाचा नेत्रतपासणीचा केसपेपर तो हयात असेपर्यंत बंद केला जाऊ नये, आणि त्यासाठी लागणारी रक्कम शिलकेतून नव्हे, तर वर्षाच्या आरंभीच वेगळी तरतूद करून बाजूला ठेवावी. ज्याची पापणी मिटत नाही अशा माणसाच्या वतीने डोळा सांभाळण्याचे काम वर्षाच्या शेवटी उरलेल्या पैशावर सोडता येणार नाही, एवढाच या ठरावाचा अर्थ आहे.

तरतुदीचा तपशील अंदाजपत्रकाच्या नेत्रविभागाच्या पानावर दिला आहे. आपण तो वाचावा, शंका असतील त्या विचाराव्यात. त्यांची उत्तरे द्यावयास मी व आमचे नेत्रतज्ज्ञ दोघेही येथे आहोत. त्यानंतर आपण या ठरावास संमती द्यावी, अशी नम्र विनंती करून मी माझे भाषण संपवितो.